मानेतली गाठ कापण्याआधी तोंड उघडून बघा : राज्यातल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील फॅमिली डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रे व ग्रामीण रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकारी आणि दंतवैद्य
माहितीसाठी : सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार.

मानेत गाठ आलेला माणूस सगळ्यांत आधी तुमच्याकडे येतो. कान-नाक-घशाच्या किंवा कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयात तो पोचेपर्यंत अनेकदा त्याच्या फायलीत दोन-तीन अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्या असतात, कधी अंदाजाने सुरू केलेली एकेटी (टीबीची औषधे) असते, आणि कधी मानेवर ताजा व्रण असतो, कारण गाठ 'काढून तपासायला पाठवलेली' असते. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. पण या क्रमाने जे महिने जातात ते परत मिळत नाहीत, आणि चुकीच्या जागी घेतलेला छेद पुढच्या शस्त्रक्रियेची वाट अवघड करतो.

आमची विनंती एवढीच : दोन आठवड्यांत न गेलेल्या गाठीवर औषधे बदलून बघू नका. तोंड आणि घसा नीट तपासा. गाठीला बारीक सुई लावून एफएनएसी, म्हणजे सुईने काढलेल्या पेशींची तपासणी, करून घ्या. आणि सुईने उत्तर मिळत नाही तोवर चाकू लावू नका. हे पत्र उघडपणे लिहिले आहे, कारण रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही ते वाचावे आणि तुम्हाला प्रश्न विचारावेत असे आम्हाला वाटते.

सुरुवात हाताने करायची. रुग्णाला खुर्चीवर बसवा, वरची दोन बटणे काढायला लावा, साडीचा पदर किंवा ओढणी बाजूला घ्यायला सांगा आणि त्याच्या मागे उभे राहा. मान थोडी पुढे झुकली की स्नायू सैल पडतात. दोन्ही हातांची बोटे हनुवटीखाली ठेवून जबड्याच्या कडेने मागे या. मग कानापुढे, कानामागे, डोक्याच्या मागच्या बाजूला. तिथून मानेच्या बाजूच्या स्टर्नोमास्टॉइड स्नायूच्या कडेकडेने वरून खाली कॉलर बोनपर्यंत, मग त्याच्या मागचा त्रिकोण, आणि शेवटी समोर येऊन श्वासनलिकेच्या दोन्ही बाजू. दर वेळी क्रम तोच ठेवला की काही सुटत नाही. गाठ लागली की ती सेंटिमीटरमध्ये मोजा. 'लिंबाएवढी', 'सुपारीएवढी' असे लिहिले तर महिन्याने ती वाढली की कमी झाली हे कुणालाच सांगता येत नाही. हलते की चिकटलेली आहे, मऊ, रबरासारखी की दगडासारखी, कातडी लाल, ताणलेली की नेहमीची, ठोका जाणवतो की नाही, हेही लिहा.

जबड्याखालच्या फुगवट्यासाठी एक सोपी युक्ती आहे. हातमोजा घालून एक बोट तोंडात जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटे बाहेरून ठेवा. फुगवटा दोन्ही बोटांच्या मध्ये पकडता आला तर ती बहुधा लाळग्रंथी असते. फक्त बाहेरूनच लागला तर लिम्फ गाठ (संसर्गाशी लढणारी शरीरातली छोटी गाठ). जेवताना सुजते आणि तासा-दोन तासांत उतरते असे रुग्ण सांगत असेल, तर लाळनलिकेत खडा अडकला आहे का ते बघा. लाळेच्या खड्यांपैकी सुमारे ८० टक्के याच ग्रंथीत सापडतात.

काही गाठी मुळात गाठी नसतातच. गळ्यातल्या हायॉइड हाडाचे टोक, कानाखाली खोलवर लागणारा पहिल्या मणक्याचा बाजूचा कोंब, वयस्कर माणसात ठळक जाणवणारा मानेतल्या कॅरोटिड धमनीचा फुगीर भाग, वयामुळे खाली उतरलेली जबड्याखालची लाळग्रंथी, हे सगळे 'गाठ' म्हणून येते. दुसऱ्या बाजूला हात लावून बघितले की बऱ्याचदा तिथेही तेच सापडते.

गाठीची जागा पुष्कळ काही सांगते, कारण लिम्फचा प्रवाह ठरलेल्या वाटेने जातो. जबड्याखालच्या गाठी गाल, हिरड्या, ओठ आणि जिभेच्या पुढच्या भागाकडे बोट दाखवतात. जबड्याच्या कोनाखालची गाठ टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाची असते, आणि निरोगी माणसातही सगळ्यांत सहज हाताला लागणारी हीच. मानेच्या मधल्या आणि खालच्या गाठींसाठी स्वरयंत्र, गिळण्याच्या नळीचा वरचा भाग आणि थायरॉइड बघावे लागते. मागच्या त्रिकोणातली गाठ टीबी, लिम्फोमा (लिम्फ गाठींचा कर्करोग), डोक्याच्या कातडीचा जंतुसंसर्ग किंवा नाकामागच्या घशातला आजार सांगते. मोठ्या माणसाचा एकाच बाजूचा कान सर्दीशिवाय बंद राहत असेल आणि मानेत वरच्या बाजूला गाठ असेल, तर नाकातून दुर्बीण घालून मागचा घसा बघितल्याशिवाय त्याला कानाचे थेंब देऊन पाठवू नका. कॉलर बोनच्या वरची गाठ मात्र वेगळी. तिथे बोटाला लागणारी गाठ कितीही लहान असली तरी ती नॉर्मल धरायची नाही. छाती, स्तन, पोट इथला आजार तिथे डोके वर काढतो, आणि डावीकडे असेल तर जठराचाही.

इतरत्र एक सेंटिमीटरपेक्षा लहान, मऊ, हलणारी गाठ सहसा चिंतेची नसते. दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी, घट्ट, कमी हलणारी, वरची कातडी धरलेली किंवा दोन आठवडे जशीच्या तशी राहिलेली गाठ असेल, तर तपासणी पुढे न्यायचीच. गाठ दुखत नाही म्हणून रुग्ण उशिरा येतो, आणि 'दुखत नाही ना, मग काही नाही' हे वाक्य त्याला दवाखान्यातही ऐकायला मिळते. वस्तुस्थिती उलट आहे. दुखणारी, लाल, तापासोबत आलेली गाठ बहुधा संसर्गाची असते. चाळिशीपुढच्या, तंबाखू खाणाऱ्या माणसातली न दुखणारी घट्ट गाठ, दुसरे काही सिद्ध होईपर्यंत, कर्करोगाची धरायची असते.

आता तोंडाबद्दल, आणि इथे आम्ही जरा जास्त वेळ थांबणार आहोत. ज्या राज्यात तंबाखू-चुना, मिश्री, मावा, विदर्भात खर्रा हे रोजचे आहे, आणि २०१२ पासून बंदी असूनही गुटखा मिळतो, तिथे मानेची तपासणी तोंड न बघता पूर्ण होऊच शकत नाही. बायकांना 'तंबाखू खाता का' असे विचारले तर उत्तर 'नाही' येते. 'दात कशाने घासता?' असे विचारा, म्हणजे मिश्री बाहेर येते. पुरुषांना विचारा, 'गोळी कुठल्या बाजूला धरता?' आणि पहिली नजर तिथेच टाका, कारण गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खोबणीत होणारा कर्करोग आपल्याकडे फार दिसतो.

कवळी असेल तर काढायला लावा. मोबाइलच्या टॉर्चवर भागवू नका, कारण दोन्ही हात मोकळे लागतात. डोक्याला लावायचा दिवा घ्या आणि दोन टंग डिप्रेसर. ओठांच्या आतली बाजू, दोन्ही गाल, वरची-खालची खोबण, शेवटच्या दाढेमागची जागा, टाळू, टॉन्सिल बघा. जीभ गॉजच्या तुकड्यात धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढा आणि तिच्या कडा बघा. जिभेखालची जमीन बघा. मग हातमोजा घातलेल्या बोटाने तीच सगळी जागा चाचपा. जिभेच्या मुळातली गाठ डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. तोंड किती उघडते तेही मोजा : रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी मावली पाहिजेत. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला छाला, उंचवटा, बोट लावताच रक्त येणारी जागा, यांतले काहीही दिसले तर मानेतल्या गाठीचे मूळ कदाचित तुमच्यासमोरच आहे. बायोप्सी मग तोंडातल्या जखमेच्या कडेची घ्यायची. तुकडा छोटा, भूल जागेवरची, आणि मानेला धक्काही लागत नाही.

दंतवैद्य मित्रांनो, तुम्हाला एक वेगळी विनंती. तोंडातले बाकीचे दात घट्ट आणि एकच दाढ हलते आहे, भोवतीची हिरडी खरबरीत किंवा फुगलेली आहे, असे असेल तर ती दाढ उपटण्याआधी एक्स-रे काढा आणि हिरडीचा तुकडा तपासायला पाठवा. दाढ काढल्यावर तीन आठवड्यांत खड्डा भरत नसेल, त्यातून मांस वर येत असेल, तर पुन्हा खरवडत बसू नका.

तोंडात काही दिसले नाही तरी प्रश्न संपत नाहीत. आवाज तीन आठवड्यांपासून बसला आहे का? घास अडकतो का, एकाच बाजूला टोचते का? थुंकीत किंवा नाकातून रक्त येते का? वजन उतरले का? आणि कान दुखतो का? कानाचा पडदा स्वच्छ आहे आणि तरी एकाच बाजूचा कान दुखतो, तेव्हा दुखणे घशातून आलेले असू शकते, कारण घसा आणि कान यांच्या संवेदना एकाच मज्जातंतूच्या फांद्यांतून जातात. अशा रुग्णाला स्वरयंत्राची दुर्बिणीची तपासणी लागते. ती बाह्यरुग्ण विभागात, भूल न देता, काही मिनिटांत होते.

औषधांबद्दल स्पष्ट बोलू. संसर्गाची खूण असेल, म्हणजे ताप, लाली, ठणका, किडलेली दाढ किंवा सुजलेला घसा असेल, तर अँटिबायोटिकचा एक कोर्स योग्यच आहे. पण तो देतानाच दोन आठवड्यांनंतरची तारीख चिठ्ठीवर लिहा आणि त्या दिवशी पुन्हा मोजा. गाठ अर्धी उतरली म्हणजे काम झाले असे नाही. कर्करोगाच्या गाठीतही वरून संसर्ग होतो आणि तेवढाच कमी होतो. संसर्गाची खूणच नसेल तर अँटिबायोटिकने फक्त वेळ जातो. दोन औषधे तर निदान होईपर्यंत हाताबाहेरच ठेवा. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी फ्लुओरोक्विनोलोन गटाची अँटिबायोटिक टीबीच्या जंतूवरही चालतात, त्यामुळे टीबी काही काळ दबतो, तपासणीत सापडत नाही आणि जंतू औषधाला सरावण्याचा धोका वाढतो. आणि स्टेरॉइड. लिम्फोमाची गाठ स्टेरॉइडने आठवड्यात विरघळते, रुग्ण खूश होतो, आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात निदानाला काही उरत नाही. एक इंजेक्शनही देऊ नका. लोक गाठीवर बिब्बा घालून, डाग देऊन येतात, त्यांना रागावू नका. पण भाजलेल्या कातडीतून ना सुई नीट जाते ना सोनोग्राफी नीट होते, हे गावात सांगत राहायला हवे.

एफएनएसीला लागते काय? २३ गेजची सुई, १० मिलीची सिरिंज, स्वच्छ काचपट्ट्या, अल्कोहोलची बाटली आणि पाच मिनिटे. गाठ दोन बोटांत स्थिर धरायची, सुई आत घालून वेगवेगळ्या दिशांना पुढे-मागे करायची, दोन ते तीन वेळा नमुना घ्यायचा. काही काचपट्ट्या हवेत वाळवायच्या, काही ओल्या असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायच्या. 'मटेरियल अपुरे' असा रिपोर्ट येण्याची कारणे बहुतेक इथेच असतात. पट्टीवर रक्तच जास्त येते, थर जाड होतो, किंवा अल्कोहोलमध्ये टाकायला मिनिटभर उशीर होऊन पेशी वाळतात. असा रिपोर्ट आला तर त्याचा अर्थ 'गाठ साधी' असा नाही. सोनोग्राफीखाली बघत सुई पुन्हा लावायची. गाठीत पाणी असेल तर ते काढून टाकल्यावर उरलेल्या घट्ट भागातून नमुना घ्यायचा, नाहीतर हाती नुसते पाणी येते. रिपोर्ट चांगला आणि गाठ मात्र घट्ट, वाढती, तंबाखूवाल्या माणसातली, असे परस्परविरोधी चित्र असेल तर रिपोर्टवर नाही, गाठीवर विश्वास ठेवा.

'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही भीती घराघरांत आहे. बारीक सुईच्या वाटेने आजार पसरणे अतिशय विरळ आहे. हे रुग्णाला शांतपणे, सुई हातात घेण्याआधी सांगा. भीती बाळगायची तर उघड्या छेदाची बाळगायला हवी. गाठीत स्क्वॅमस (तोंड-घशाच्या अस्तरातून होणारा) कर्करोग असेल आणि कुणी ती मायनर ओटीत अर्धवट कापून काढली असेल, तर कातडी, स्नायू आणि व्रणाचा भाग रोगाच्या पेशींनी बाधित झालेला धरावा लागतो, पुढची शस्त्रक्रिया अधिक मोठी होते आणि थर ओळखता येत नाहीत. शिवाय मूळ गाठ जिभेत किंवा घशात तशीच वाढत असते. एफएनएसीत 'मेटास्टॅटिक स्क्वॅमस', म्हणजे दुसरीकडून पसरून आलेला स्क्वॅमस कर्करोग, आले की क्रम असा : पूर्ण दुर्बीण तपासणी, कॉन्ट्रास्टसह सीटी किंवा एमआरआय, तरी मूळ सापडले नाही तर पेट-सीटी (रोगाची जागा चमकवून दाखवणारे स्कॅन), त्यानंतर भूल देऊन घशाची तपासणी आणि संशयित जागेचे तुकडे. पेट-सीटी तुकडे घेण्याआधी, कारण ताज्या जखमाही त्यात चमकतात. या सगळ्यानंतरही उत्तर नसेल तेव्हा मानेतली गाठ काढायची, तीही अख्खी, आणि पुढे मोठी शस्त्रक्रिया लागली तर तिच्याच रेषेत येईल असा छेद घेऊन.

मागच्या त्रिकोणातल्या गाठीबद्दल हात जोडून सांगतो. तिथे अ‍ॅक्सेसरी मज्जातंतू कातडीखाली अगदी वरवर असतो. 'छोटीशीच तर गाठ आहे, लोकलमध्ये काढून टाकू' म्हणताना तो कापला जातो, खांदा उतरतो आणि हात डोक्याच्या वर जात नाही. या मज्जातंतूला उपचारांत होणाऱ्या इजेचे सर्वांत नेहमीचे कारण लिम्फ गाठीची बायोप्सी हेच आहे. हमाली, गवंडीकाम, शेती करणाऱ्याचे त्याने पोट बुडते.

मानेत कर्करोगाची एक गाठ सापडली की बरे होण्याची शक्यता ढोबळमानाने निम्म्यावर येते. म्हणून गाठ येण्याआधी तोंडातला छाला पकडणे महत्त्वाचे. पण हाताला काही लागत नाही याचा अर्थ मान मोकळी असाही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात, मानेत गाठ लागत नसताना, पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या लिम्फ गाठी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ उठेपर्यंत थांबून मग काढल्या त्यांच्यात ६७.५ टक्के. तेव्हा 'जिभेचं ऑपरेशन, मग मान कशाला कापतात?' असे विचारत रुग्ण तुमच्याकडे परत आला तर त्याला हे आकडे समजावून सांगा. तुमच्या शब्दावर त्याचा आमच्यापेक्षा जास्त विश्वास असतो.

गंडमाळा, म्हणजे मानेतला टीबी, हा आपल्याकडचा दुसरा मोठा विषय. तरुण मुलगी, मानेच्या एका बाजूला दोन-चार एकमेकींना चिकटलेल्या गाठी, संध्याकाळी कणकण, वजन कमी, हे चित्र ओळखीचे आहे. चित्र ओळखीचे असल्यामुळेच तपासणी न करता एकेटी सुरू होते. तसे करू नका. लिम्फोमाही असाच दिसतो. किकुची नावाचा एक आजार तरुण स्त्रियांत ताप आणि मानेच्या गाठी घेऊन येतो आणि काही महिन्यांत आपोआप बरा होतो. त्याला सहा महिने यकृतावर भार टाकणारी औषधे कशाला? आणि घशातल्या कर्करोगाची गाठ असेल तर 'औषध लागू पडतंय का बघू' यात दोन-तीन महिने जातात.

टीबीचा संशय असेल तेव्हा सुईने निघालेल्या नमुन्याचे दोन भाग करा. एक काचपट्ट्यांवर, दुसरा निर्जंतुक नळीत नॉर्मल सलाइनमध्ये, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्यासाठी). तो भाग फॉर्मॅलिनमध्ये कधीही टाकू नका. फॉर्मॅलिनने जंतू मरतात, कल्चर होत नाही, रिफॅम्पिसिन हे टीबीचे मुख्य औषध चालते की नाही हे कळण्याची संधी जाते. सीबीनॅट निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही असे ठरत नाही, गाठीत जंतू मुळातच कमी असतात. उलट, 'ग्रॅन्युलोमा' (सुजेतल्या पेशींचा पुंजका) एवढ्याच शब्दावर टीबी पक्का होत नाही. सारकॉइड नावाच्या आजारात तो दिसतो, कर्करोगाशेजारच्या गाठीतही दिसतो. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही आणि साखर यांची तपासणी सोबत हवीच.

गाठ मऊ पडून पू झाला असेल तर बेंड समजून त्यावर चीर देऊ नका. टीबीच्या अशा थंड गळवाला चीर दिली की नाडीव्रण होतो आणि महिनोन्‌महिने वाहतो. जाड सुईने, शेजारच्या निरोगी कातडीतून, गळवाच्या वरच्या अंगाने पू ओढून घ्या. खालून टोचले तर तिथूनच गळत राहते.

निदान पक्के झाले की औषध सहा महिने : पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, वजनानुसार रोज. उपचार चालू असताना गाठ मोठी होऊ शकते, नवी उठू शकते, फुटूही शकते. शरीराची प्रतिकारशक्ती मेलेल्या जंतूंवर चवताळल्यामुळे अनेकदा असे होते. औषध बदलण्याआधी पू काढून कल्चर आणि औषधसंवेदनशीलता तपासा. सहा महिन्यांनंतर एखादी छोटी गाठ उरली म्हणून औषध लांबवायचे नसते, ती उरलेला व्रण असू शकते. रुग्णाची निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद करा. २०१२ पासून ती खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. त्या नोंदीवरच रुग्णाला पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात.

लिम्फोमा ही एकच जागा जिथे सुई सहसा पुरत नाही. काखेत, जांघेतही गाठी, रबरासारखा स्पर्श, रात्री कपडे भिजवणारा घाम, खाज, असे असेल तर एक गाठ अख्खी काढावी लागते, वेष्टनासह. तुकडा नाही. त्यातला थोडा भाग ताजाच फ्लो सायटोमेट्रीला (पेशींचे प्रकार ओळखणारी तपासणी), बाकीचा सगळा १० टक्क्यांच्या फॉर्मॅलिनमध्ये, आणि फॉर्मॅलिन नमुन्याच्या दहापट. प्रयोगशाळेला आदल्या दिवशी फोन केला तरच हे जमते.

कानाच्या पाळीखाली किंवा पुढे हळूहळू वाढणारी गाठ चरबीची गाठ समजून काढू नका. ती पॅरोटिड लाळग्रंथीची असते, आणि चेहऱ्याचा मज्जातंतू तिच्या मधून जातो. तिथल्या बहुसंख्य गाठी साध्या असतात, पण नुसती सोलून काढली तर वेष्टनाबाहेर राहिलेल्या कणांतून ती अनेक ठिकाणी परत उगवते. चेहरा वाकडा झाला असेल तर कर्करोगाचा संशय धरा. जबड्याच्या कोनाखाली ठोका देणारी, बाजूला हलणारी पण वर-खाली न सरकणारी गाठ कॅरोटिड बॉडी ट्यूमर (कॅरोटिड धमनीवरची गाठ) असू शकते. तिला सुईदेखील लावू नका, आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि कॉन्ट्रास्ट सीटी.

गिळताना वर सरकणारी गाठ थायरॉइडची : टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), सोनोग्राफी, आणि सोनोग्राफी सांगेल तर एफएनएसी. टीएसएच नॉर्मल आहे याचा गाठ साधी असण्याशी काही संबंध नाही. आवाज बसला असेल, शेजारी लिम्फ गाठी असतील तर घाई करा.

लहान मुलांच्या मानेत सर्दी-खोकल्यानंतर, डोक्यात उवा-फोड असताना, एक सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी लागतात आणि आई-वडील घाबरतात. त्यांना धीर द्या. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, कॉलर बोनवरची, चार-सहा आठवडे वाढत राहिलेली, किंवा सोबत फिकेपणा, कातडीवर रक्ताचे डाग असतील तर त्याच दिवशी रक्ततपासणी करा. गळ्याच्या मधोमधची, जीभ बाहेर काढल्यावर वर उचलली जाणारी गाठ थायरोग्लॉसल सिस्ट असते. १९२० मध्ये सिस्ट्रंक या शल्यचिकित्सकांनी सांगितल्याप्रमाणे हायॉइड हाडाचा मधला भाग सोबत काढला नाही तर ती पुन्हा पुन्हा होते. त्याआधी सोनोग्राफीने खरी थायरॉइड ग्रंथी जागेवर आहे याची खात्री करा, कारण कधी कधी त्या गाठीतच मुलाची सगळी थायरॉइड असते. नाकाच्या मुळाशी, कपाळाच्या मध्यरेषेवर जन्मापासून असलेली गाठ मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असू शकते, एमआरआयशिवाय टोचू नका. तरुणाच्या मानेतली पाण्याची गाठ ब्रँकियल सिस्ट (जन्मजात पाण्याची पिशवी) असेल. चाळिशीनंतर तशीच गाठ दिसली तर टॉन्सिल किंवा थायरॉइडचा कर्करोग आधी वगळा.

थांबायला अजिबात वेळ नसतो ती एकच अवस्था : खालच्या दाढेच्या संसर्गातून जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी सूज, जीभ वर उचललेली, लाळ गळते, आवाज घोगरा, आणि बऱ्याचदा मधुमेह. या माणसाला आडवे झोपवू नका, तोंडाने औषध देत बसू नका. बसलेल्या स्थितीत, ऑक्सिजनसह, श्वासमार्ग सांभाळू शकेल अशा रुग्णालयात लगेच हलवा. श्वास घेताना शीळ वाजू लागली तर उरलेला वेळ मिनिटांत असतो.

सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला एफएनएसीचा दिवस हवा. काचपट्ट्या, अल्कोहोल, निर्जंतुक नळ्या हे सामान मागणी न करता मिळायला हवे. टीबीच्या थुंकीचे नमुने जिथून गोळा होतात तिथूनच मानेच्या गाठीचे नमुने त्याच गाडीने जावेत. रिपोर्ट सात दिवसांत डॉक्टरच्या फोनवर यावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्वरयंत्र बघण्याची दुर्बीण चालू अवस्थेत असावी. कर्करोगावरचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होतात, पण निदानच होत नसेल तर योजनेच्या दारापर्यंत माणूस पोचतच नाही.

आणि रुग्णाला पुढे पाठवताना, डॉक्टर, चिठ्ठीत 'गाठ, पुढील उपचारांसाठी' एवढेच लिहू नका. गाठ कधीपासून, कुठे, किती सेंटिमीटर, आजवर दिलेली औषधे तारखांसह, विशेषतः स्टेरॉइड, लिव्होफ्लॉक्सासिन आणि एकेटी, तंबाखू किती वर्षे, हे लिहा. एफएनएसी झाली असेल तर रिपोर्टसोबत मूळ काचपट्ट्या, आणि बायोप्सी झाली असेल तर तुकडा जपलेला मेणाचा ठोकळाही द्या. त्या पट्ट्या हातात असल्या तर रुग्णाला पुन्हा टोचावे लागत नाही आणि एक आठवडा वाचतो. चिठ्ठीच्या खाली तुमचा फोन नंबर स्पष्ट अक्षरात लिहा. निदान झाले की तुम्हाला कळवणे हे आमचे काम आहे, कारण रेडिएशनचे आठवडे असोत की टीबीचे सहा महिने, त्याची साखर, रक्तदाब, जखमेची पट्टी आणि वजन तुमच्याच दवाखान्यात बघितले जाणार आहे.

आपले,
कान-नाक-घसा आणि डोके-मान शल्यचिकित्सा, पॅथॉलॉजी व क्षयरोग या विभागांत काम करणारे डॉक्टर